बोधीच्या जोगतं खेळणं

"ओ बाबा, त्याच्यावर उभं काहून राहिले?"

हिंगोलीचा दुकानदार ओमप्रकाश खुर्चीतून अर्धा उठला होता. समोर अमृतराव उभे होते. चपला त्यांनी पायरीवरच काढल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही अनवाणी पायांखाली लेकरांच्या खेळण्याची एक पाटी होती. गोल, चौकोन, त्रिकोण, चांदणी आणि अर्धा चंद्र असे पाच रंगीत तुकडे त्या पाटीत आपापल्या खाचेत बसवलेले होते. एका हातानं रॅकचा खांब धरून अमृतराव टाचा दाबत होते आणि मान वाकवून खाली बघत होते.

"बघून राहिलो," ते म्हणाले.

"काय बघून राहिले?"

"मोडतंय का ते."

"अहो, ते लेकरांचं खेळणं आहे. त्याच्यावर उभं राहायचं नसतं."

"हे माझ्या नातीला ठाऊक न्हाई."

नात तेवढ्यात सायकलींच्या रांगेत शिरली होती. एका सायकलीची घंटी वाजवून ती दुसरीवर चढली होती आणि तिसरीचं हँडल तिच्या हातात होतं. नाव संबोधी, हाक बोधी, वय चार. डोक्याच्या दोन्ही बाजूंना आईनं सकाळी बांधलेल्या शेंड्यांपैकी एक सेनगावपर्यंत टिकली होती, दुसरी त्याच्याही आधी सुटली होती.

"बेबी, उतरो, उतरो! गिर जाओगी!" ओमप्रकाश ओरडला.

"पडत न्हाई ती," अमृतराव म्हणाले. "पाडती."

त्याआधी त्यांनी पुठ्ठ्याचं एक खेळणं नाकारलं होतं. त्याचा कोपरा नुसत्या अंगठ्यानं वाकला. प्लॅस्टिकचं एक नाकारलं. "हे उन्हात राहिलं की पापडावानी व्हईल," म्हणाले. ही तिसरी पाटी मात्र हाताला जड लागली. खाली उतरून त्यांनी ती कानाजवळ नेली, माठ वाजवून बघावा तशी बोटाच्या पेरानं वाजवली. नाद बद्द होता, पण वजन खरं होतं. पायाखाली मोडली नव्हती.

"लाकूड हाय ना?"

"लाकूडच आहे बाबा. पक्का माल."

"बांधा मंग."

परतीच्या जीपमध्ये बोधीनं पाचही तुकडे काढले, बसवले, पुन्हा काढले. जीप नरसीच्या फाट्याला यायच्या आत तिचं सगळं करून झालं होतं. उरलेल्या रस्त्यात तिनं चांदणीनं ड्रायव्हरच्या सीटची पाठ बडवली. अमृतरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मोडत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

न मोडणारं खेळणं त्यांना हवं होतं, त्यालाही कारण होतं.

गावच्या अंगणवाडीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात सरकारनं पाठवलेली खेळणी होती. ठोकळे, मण्यांच्या माळा, आकार बसवायच्या पाट्या. सगळी जशी आली तशी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. काही मोडलं, हरवलं की वरून विचारणा व्हायची, म्हणून अंगणवाडीच्या शिलाताई ती काढतच नसत. महिन्यातून एकदा काढायच्या. लेकरांना गोल बसवायचं, एकेकाच्या पुढ्यात एकेक खेळणं ठेवायचं, मोबाइलवर फोटो घ्यायचा, तो वर पाठवायचा आणि खेळणी पुसून परत पिशवीत घालायची. लेकरांनाही ती रीत पाठ झाली होती. फोटो निघेस्तोवर हात खेळण्यावर, निघाला की हात मांडीवर.

बोधीला ही रीत कळली नाही. पाटी पुढ्यात आली तशी तिनं फोटो निघायच्या आत सगळे आकार काढून बसवले. मग उलटे करून बसवले. मग डोळे मिटून, बोटांनी चाचपून बसवले. शिलाताई पाटी उचलायला आल्या तेव्हा बोधी त्या पाटीवर बसून, पायानं रेटत, खोलीभर गाडी चालवत होती. गाडी दाराच्या उंबऱ्यावर आदळली आणि पाटी मधोमध तडकली.

शिलाताई जवळच्या तांड्यावरच्या. बाई मनानं चांगली होती, पण शेजारच्या गावातल्या ताईला चार ठोकळ्यांपायी किती खेटे घालावे लागले, ते तिनं पाहिलं होतं.

"बाबा, हुशार हाय पोरगी, न्हाई कोण म्हणतं?" त्या अमृतरावांना म्हणाल्या. "पर एका जागी ठरत न्हाई. थोडे दिवस घरीच ठेवा. शांत झाली की आणा."

"शांत म्हंजी कशी?"

"ही बाकीची बसली हायेत तशी."

अमृतरावांनी आत पाहिलं. लेकरं भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, गपगार बसली होती. ते बसणं त्यांच्या ओळखीचं होतं. पाडव्याला मालकाच्या ओसरीपुढं पुढचं साल ठरवायला गडी बसायचे, ते असेच. मान खाली, हात मांडीवर, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्या रांगेत त्यांची स्वतःची जवानी बसून गेली होती.

"ताई, लेकरू तडकलं न्हाई, पाटी तडकली," ते म्हणाले. "पाटी कच्ची व्हती. मी पक्की आणतो. मंग घ्याल हिला?"

"हिच्यापुढं टिकंल अशी असती का कुठं?" शिलाताई हसल्या.

त्या हसण्यालाच अमृतरावांनी होकार धरलं आणि हिंगोलीची वाट धरली.

पाटी घरी आली तशी त्यांनी ती मागच्या हौदात बुडवली. वर दगड ठेवला.

आता हे कुणी शिकलेल्या माणसानं केलं नसतं, आणि शहरातल्या माणसाला सुचलंही नसतं. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्याची औतं वाहिली, त्याला लाकडाची दुसरी रीत ठाऊक नसते. बाभळीचं लाकूड तोडून आणलं की आधी नाल्याच्या डोहात बुडवायचं, वर दगड रचायचे, चांगलं मुरू द्यायचं. मुरलेलं लाकूड उन्हात तडकत नाही, त्याला कीड लागत नाही. मालकाच्या वखराचं दिंड, वखराचा मुख्य ओंडका, त्यांनी असंच मुरवलं होतं आणि मालक गेला, मालकाचे बैल गेले, तरी ते दिंड अजून गोठ्यात धडधाकट पडून होतं.

"आबा, बुडवलं काहून?" बोधीनं हौदावर लोंबकळत विचारलं.

"पक्कं व्हऊन राहिलं ते."

"मला बी बुडवलं व्हतं?"

"तू पक्कीच जन्मली."

दोन दिवस पाटी हौदात राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बोधी सुटली.

तिची अंगणवाडी बंद झाल्यापासून तिला सांभाळायचं काम अमृतरावांकडं होतं. सून संध्या सोयाबीन काढायला जायची; मुलगा रत्नपाल पुण्याकडं कंपनीत, तो सणावारालाच यायचा. अमृतरावांचा उजवा गुडघा उठताना कुरकुरायचा. ते उठून उभे राहीपर्यंत बोधी गल्लीच्या टोकाला असायची. त्या दुपारी ती टोकाच्याही पुढं गेली.

संध्याकाळी संध्या तिला काखेत मारून आली. बरोबर तांड्यावरच्या जिवनबाई होत्या, त्यांच्याच शेतात सोयाबीन चाललं होतं.

"भाऊ, आज वाचली म्हणा पोर," जिवनबाई दारातूनच म्हणाल्या. "आमच्या हिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसली व्हती. पाण्यात खडे टाकून राहिली, अन् खड्याखड्याला हसून राहिली. म्या मागून बिनाआवाज गेले अन् झडप घातली."

 अमृतरावांनी बोधीचे पाय हातात घेतले, तळवे चोळले. तळव्यांना शेवाळ लागलं होतं.

"बांध बाई हिला," जिवनबाई संध्याला म्हणाल्या. "कमरंला बांधायची, लांब दोरी ठिवायची. आमची समदी लेकरं अशीच वाढली. काय झालं त्याहिला? एक तर फौजेत हाय."

त्या गेल्यावर संध्यानं जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि उंबऱ्यात बसून दोरी वळायला घेतली. तिपेडी, घट्ट. हात चालत होते आणि मान वर होत नव्हती.

"मऊ केली मामा," ती सासऱ्याला म्हणाली. "लागायची न्हाई तिला."

"माझ्या मायनं बी मऊच केली व्हती," अमृतराव म्हणाले.

संध्याचे हात थांबले.

"ती निंदायला लागायची अन् मी बांधाच्या बाभळीला. दोरी पुरती तेवढंच फिरायचं. फिरून फिरून बाभळीभवती गवत उगवायचं बंद झालं. गोल गोल चाकोरी पडली व्हती, खळ्यात बैलाची पडती तशी. मी सुटलो तरी पुढं कैक दिवस त्या गोलातच खेळून राहिलो. बाहीर पाऊल पडंना." त्यांनी बोधीकडं पाहिलं. ती बाजेखाली शिरून बाज पाठीवर उचलायच्या बेतात होती. "ह्या घरात माणूस बांधायचं न्हाई, संध्या."

"मंग काय करू मामा?" संध्या उसळली. "कामाला जाऊ नको? का रोज हिरी धुंडू? हे फोनवर म्हंतात मोबाइल दे, शांत बसती. बसती बी. दिला की डोळं सुद्दा हलवत न्हाई."

"ती बी दोरीच हाय."

"व्हय, दोरीच हाय! पर हिरीत तर पडत न्हाई!"

अमृतरावांनी मागच्या हौदाकडं पाहिलं. 

"खेळणं मुरून राहिलंय," ते म्हणाले.

"काय मुरून राहिलंय?"

ते तिला मागं घेऊन गेले. बाही वर करून हौदात हात घातला, दगड बाजूला केला आणि पाटी उचलली. ती पाटी राहिली नव्हती. पाण्यात पडलेल्या भाकरीसारखी फुगली होती. रंगाची साल सुटून तरंगत होती. चांदणीची टोकं गळून गेली होती. बोटाच्या दाबानं कोपरा निघून त्यांच्या तळहातावर आला, नुसता भुसा.

संध्या आधी बघत राहिली. मग तिनं पदर तोंडात कोंबला, पण हसू फुटलंच. हसता हसता तिचे डोळे भरले.

"मामा, हे लाकूड न्हाई. भुसा दाबून चिकटिवलेला असतो. बाजारात समदं असंच असतं आता."

बोधीनं त्या लगद्यात दोन्ही हात घातले, गोळा केला, थापला. "आबा, भाकर!"

अमृतरावांना हसता आलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी लेकरासाठी दुकानातून काही निवडून आणलं होतं, पायाखाली घालून पारखून, आणि आपल्याच हातानं त्याचा लगदा केला होता.

"सोयाबीन निघस्तोवर बांधते," संध्या डोळे पुसत, हलक्या आवाजात म्हणाली. "तेवढंच."

"उद्याचा दिवस थांब."

"उद्या थांबते मामा. परवा मला जावंच लागतंय."

सकाळी बोधीला घेऊन हिंगोलीला निघताना अमृतरावांनी खुंटीवरची दोरी काढून आपल्या पिशवीत टाकली. घरात राहिली असती तर बांधली गेली असती.

दुकानात गेल्या गेल्या त्यांनी पिशवीतून तो फुगलेला तुकडा काढला आणि काउंटरवर ठेवला. ओमप्रकाशनं नाक मुरडलं.

"ये क्या है?"

"तुमची पाटी."

"इसको क्या किया?"

"मुरवायला घातली व्हती पाण्यात."

दुकानात एक जोडपं होतं, कामाचा पोऱ्या होता. आधी पोऱ्या हसला, मग जोडपं, मग ओमप्रकाश पोट धरून हसला. "मुरवायला! बाबा, लोणचं आहे का ते? पैसे परत मिळणार नाहीत हां, आधीच सांगतो."

"पैसे कोण मागून राहिलं?"

अमृतराव तसेच ताठ उभे होते. त्यांनी सगळ्यांचं हसून संपू दिलं.

"हसा," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. लाकडाचं लाकूड दाखवा."

ओमप्रकाशनं मिशीवरून हात फिरवला. हसू जरा कमी झालं. त्यानं आतून तीन-चार खेळणी आणून मांडली. आता अमृतरावांनी कोणतंच पायाखाली घेतलं नाही. एकेक कडेनं उचलून उजेडात धरलं. भुशाच्या कडेला भाकरीच्या तुकड्यासारखी जाळी दिसत होती. एकाच्या कडेला मात्र रेषा होत्या, लांब, वाहत्या, झाडाच्या अंगच्या. ते त्यांनी बाजूला काढलं. हे खरं लाकूड. जाड, वजनदार, कोपरे घासून गोल केलेले.

"हे घेतो," ते म्हणणारच होते.

पण तोवर बोधीनं ते त्यांच्या हातून ओढून घेतलं होतं. बसकण मारून तिनं तुकडे सांडले, आणि दुकानदार किंमत सांगेपर्यंत सगळे खाचेत घातले. पुन्हा सांडले, पुन्हा घातले. मग ती उठली, दोन्ही हातांनी ते जड खेळणं डोक्यावर उचललं आणि बाहुल्यांच्या रॅककडं बघायला लागली.

पोऱ्या धावला. अमृतराव धावले नाहीत. ते बघत राहिले. जीपमधली चांदणी त्यांना आठवली. अंगणवाडीतली गाडी आठवली. विहिरीतले खडे आठवले.

गोठ्यात कामाचा खोंड रिकामा बांधून ठेवला की तो गव्हाण फोडतो. लोक म्हणतात, खोंड द्वाड आहे. अमृतराव अशा खोंडांना तिफणीला जुंपायचे आणि गव्हाण शाबूत राहायची. एवढं ठाऊक असून, स्वतःच्या नातीची गोष्ट मात्र त्यांच्या आज ध्यानात आली. तिचं आधी संपत होतं, आणि मग ते मोडत होतं.

"शेठ, हे पक्कं हाय," ते म्हणाले, "पर लवकर संपतंय."

"संपतंय म्हणजे? खेळणं काय बिस्कीट आहे?"

"लवकर न संपणारं दाखवा."

 ओमप्रकाश पोऱ्याला न सांगता स्वतःच स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून धुळीनं माखलेली एक पेटी काढली. काळसर लाकडाचं, बोटभर जाड काठाचं, झाकण असलेलं चौकोनी ताट होतं ते. आत तुकडे होते, लहानमोठे त्रिकोण, चौकोन, काही तिरके. रंग नव्हता. खाचा नव्हत्या.

"हे कोणी नेत नाही," तो धूळ झटकत म्हणाला. "रंग नाही, गाणं वाजत नाही. आणि याला एकच एक उत्तर नाही. कुठलाही तुकडा कुठंही लावा, ताट पूर्ण भरलं पाहिजे, बस. दोघांनी नेलं होतं, दोघांनी परत आणून दिलं. म्हणाले, चुकीचं बनवलंय."

अमृतरावांनी काठ उजेडात धरला. रेषा होत्या. मग त्यांनी ते ताट बोधीपुढं खाली ठेवलं आणि आपले हात मागं घेतले.

बोधीनं तुकडे सांडले. एक लावला. दुसरा लावला. भराभर लावत गेली आणि शेवटी हातात एक त्रिकोण उरला. ताटात जागा होती, पण ती चौकोनी. तिनं तो त्रिकोण जागेवर दाबला. मुठीनं ठोकला. त्यावर उभी राहिली. त्रिकोण गेला नाही, ताटही मोडलं नाही. ती खाली उतरली. बराच वेळ नुसती बघत बसली. मग तिनं सगळे तुकडे काढले आणि पहिल्यापासून लावायला घेतले, या वेळी हळू.

दुकानात गिऱ्हाइकं येत होती, तिला वळसा घालून जात होती. शेंडी सुटली, तोंडावर आली, तिनं फुंकर मारून बाजूला केली आणि मान वर केली नाही. मधे एकदा ओमप्रकाशच्या फोनवर मोठ्यानं गाणं वाजलं. त्यानंच घाईनं बंद केलं.

"बाबा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "उभे राहून बघत नाही का आज?"

"न्हाई," अमृतराव म्हणाले. "तिचं चाललंय."

"महाग आहे हां हे."

"मी इचारलं का?"

ते ताट बांधायला दुकानात मोठी पिशवी नव्हती. अमृतरावांनी आपल्या पिशवीतली दोरी काढली, संध्यानं वळलेली, तिपेडी, मऊ, आणि झाकण लावलेल्या ताटाला चहूबाजूंनी घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोधीनं ते ताट कुणाला उचलू दिलं नाही. दोरीचं टोक धरून ती गल्लीतून ओढत निघाली. आतले तुकडे खडखडत होते, ताट दगडांवर आपटत होतं. कुत्री भुंकत मागं लागली. अमृतराव गुडघा सावरत तिच्या मागं.

शेताला निघालेल्या जिवनबाई वाटेत भेटल्या. दोरी बघून थांबल्या. "बांधली का शेवटी?"

"बांधली," अमृतराव म्हणाले. "लाकडाला."

अंगणवाडीच्या दारात शिलाताईंनी ते धूड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, खरंच आणलं व्हय! पर हे मी ठिवू कुठं? कपाटात जागा न्हाई."

"कपाटात ठिवायचंच न्हाई. हे सरकारचं न्हाई, माझं हाय. मोडलं तर माझं मोडलं. वर कोणाला जाब द्यायचा न्हाई. खाली राहू द्या, लेकरांच्या हाताला येईल असं."

"खेळण्याचं ठीक हाय बाबा. पर ही पळाली तर? कानावर आलंय माझ्या हिरीचं. काही झालं तर नाव माझं येतंय."

"बराबर हाय तुमचं." अमृतरावांनी चपला काढल्या आणि अंगणवाडीच्या उंबऱ्यात, चौकटीच्या दोन्ही बाजूंना टेकेल अशी, आडवी बसकण मारली. "मी हितं बसतो. पळाली तर माझ्यावरून पळंल. सोयाबीन निघस्तोवर रोज बसतो."

"रोज?"

"रोज. म्हाताऱ्याला हाकलायचं असंल तर तसं बोला. पर तिला शांत करून आणा म्हणू नका. शांत करून आणायला ती काय ताप न्हाई."

 शिलाताईंनी वाकून स्वतः दोरीची गाठ सोडली.

तुकडे खडखड करत सतरंजीवर सांडले. भिंतीला बसलेली लेकरं सरकत पुढं आली, पण कुणी हात लावला नाही. हात मांडीवरच. एका मुलीनं वर बघत विचारलं, "ताई, फोटो?"

शिलाताईंचा हात सवयीनं मोबाइलकडं गेला. त्यांनी तो उचलला, क्षणभर धरला, आणि कपाटावर पालथा ठेवला.

"फोटो न्हाई," त्या म्हणाल्या. "खेळा."

एकेक हात मांडीवरून सुटला. मग एकदम सगळे सुटले. ढकलाढकली झाली, एक जण रडला, बोधीनं त्याच्या हातात सगळ्यात मोठा त्रिकोण दिला आणि कुठं लावायचा ते सांगितलं. तो लागला नाही. तिनं दुसरीकडं सांगितलं. हळूहळू आवाज खाली आला आणि ताटाभोवती डोकी एकमेकांना चिकटली. अमृतरावांना उंबऱ्यावरून नुसती डोकी दिसत होती.

बऱ्याच वेळानं त्या डोक्यांतून बोधी उठली आणि दाराकडं धावत आली. शिलाताई दचकून उभ्या राहिल्या. पण ती आजोबांपुढं थांबली. तिच्या मुठीत एक लहान त्रिकोण होता.

"आबा, हे उरलं. तू बसव."

"मला न्हाई येत बाई."

"येतं. चल आत."

तिनं बोट धरून ओढलं. अमृतरावांनी शिलाताईंकडं पाहिलं. गावातली शाळा, अंगणवाडी, जे काही होतं ते त्यांनी आजवर दारापर्यंतच पाहिलं होतं.

"या की बाबा," शिलाताई म्हणाल्या. "उंबऱ्यावर किती येळ बसता?"

ते आत गेले. गुडघा कुरकुरला, तरी सतरंजीवर लेकरांच्या रांगेत बसले. बसल्याबरोबर त्यांचे दोन्ही हात सवयीनं मांडीवर गेले. लेकरांनी सरकून जागा दिली. ताटाच्या एका कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिरकी, तुकड्यासारखी दिसणारी आणि तरीही तशी नसलेली.

शेजारच्या पोरानं मदतीला बोट पुढं केलं. बोधीनं त्याचा हात धरला.

"थांब. आबाला करू दे. त्याला घाई न्हाई."

अमृतरावांनी मांडीवरचे हात उचलले आणि तुकडा फिरवून बघायला लागले.